आधी फोटोंमागे नावं लिहा

माझ्या माहेरच्या ग्रामस्थ मंडळाला, आणि त्या निमित्ताने दिवाळ्यापासून दिव्यापर्यंतच्या नवी मुंबईतल्या सगळ्या गावठाणांच्या मंडळांना खुलं पत्र

मंडळातल्या सर्व काका, नाना, दादा आणि भाऊ यांना गावच्या लेकीचा नमस्कार.

चैत्रात जत्रेला आले तेव्हा देवळासमोर तुमचा बॅनर पाहिला. ‘नियोजित भव्य आगरी-कोळी संग्रहालय’. चित्रात काचेचा घुमट, घुमटापुढे कारंजं, कारंज्यात होडी, आणि होडीत डोक्यावर पाटी घेऊन उभी असलेली नऊवारीतली बाई. खाली पदाधिकाऱ्यांचे फोटो, ते त्या बाईपेक्षा मोठे. असो. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की भूखंडासाठी पाठपुरावा सुरू आहे.

पाठपुरावा हा शब्द वाचला आणि वडील आठवले. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड परत देणारी साडेबारा टक्क्यांची योजना 1990 साली आली, तेव्हा त्यांनी एक खाकी कापडी पिशवी शिवून घेतली होती. अर्ज, पोचपावत्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स, सगळं त्या पिशवीत. महिन्यातून एकदा पिशवी खांद्याला लावून निघायचे आणि संध्याकाळी तशीच परत आणायचे. प्लॉटचं पत्र आलं ते त्यांच्या वर्षश्राद्धानंतर. यात मी बाहेरच्या कुणाला बोल लावत नाही. हिश्श्यांचं भांडण आमच्याच घरातलं होतं, सात जणांच्या सह्या एका कागदावर यायला आम्हालाच अकरा वर्षं लागली. सांगायचं एवढंच, की भूखंड या गोष्टीला किती वेळ लागतो ते आपल्या गावाला मी काय सांगणार!

तुमच्या संग्रहालयाचा भूखंड मिळो. मिळाला तर पेढे मी वाटीन. पण तो मिळेपर्यंत घुमटाखाली मांडायचं काय, ते शिल्लक राहणार आहे का, हा प्रश्न कुणी बैठकीत विचारल्याचं ऐकलं नाही. म्हणून हे पत्र. जे हवंय ते आधीच सांगून टाकते: भूखंडाची वाट न बघता आमचं जुनं घर घ्या, आणि या पावसाळ्याच्या आत गावातले कागद आणि फोटो नोंदवायला सुरुवात करा.

घर तुम्हाला माहीत आहे. पिंपळामागचं, कौलारू. त्याच्या ओटीवर तुमच्यातल्या निम्म्यांनी पत्ते कुटलेत आणि उरलेल्यांनी माझ्या आजीच्या शिव्या खाल्ल्यात. काळ्या दगडाचं जोतं, पुढची ओटी, माजघर, त्यावर माळा, मागे चुलीची पडवी. दुसऱ्या पायरीच्या दगडावर शके 1832 कोरलंय, म्हणजे 1910 साल धरा. पुढच्या दोन भिंती विटांच्या, मागच्या अजून कुडाच्याच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पावणेदोनशे कौलं गेली. भावाने उरलेली उतरवून पुन्हा शाकारली, तेव्हा मी पहिल्यांदा एक कौल उलटं करून पाहिलं. पोटाकडच्या बाजूला इंग्रजीत ठसा: बेसल मिशन, मंगलोर. त्या मिशनऱ्यांनी मंगलोरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला होता. आजोबा सांगायचे की कौलं फत्तेमारीतून आली आणि धक्क्यावरून घरापर्यंत बायकांनी डोक्यावर वाहिली. आम्ही त्यांच्या इतर गोष्टींसारखीच हीसुद्धा सोडून दिली होती. कौल उलटल्यावर वाटलं, म्हातारा निदान निम्मं तरी खरं बोलत होता.

आता त्याच घरासाठी बिल्डरचा माणूस दर रविवारी येतो. भावांना दोष देऊ नका, त्यांच्या मुलांना घरं हवीत. गावठाण वाढवलं गेलं नाही, माणसं वाढली. गरजेपोटी, परवानगीशिवाय जी घरं उभी राहिली त्यांची कथा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी दोघा भावांनी मला शब्द दिलाय. मंडळाने दिवाळीच्या आत लेखी दिलं तर ओटी, माजघर आणि माळा पाच वर्षांसाठी गावाला, भाडं नाही. मागचा भाग ते बांधकामाला काढतील. घरपट्टी, वीजबिल आणि दर वर्षीची शाकारणी मंडळाने करायची. एवढंच.

आता त्या घरातल्या माळ्यावरची पेटी.

पत्र्याची, हिरवा रंग उडालेली. वडील गेल्यावर ती उघडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत शिकवत होते आणि घरात ‘कागदातलं हिलाच कळतं’ असा समज होता. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, मोडीतलं एक गहाणखत, मिठागराच्या मजुरीचा हिशोब, होडीचा परवाना, लग्नपत्रिका आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दोन सरकारी कागद. एक कूळकायद्याच्या 32-म कलमाचं प्रमाणपत्र. दुसरा भूसंपादनाची नोटीस.

तुमच्यातल्या तरुणांसाठी जरा सांगते. आपली शेती पूर्वी आपली नव्हती. आपण कुळं होतो. 1948 चा कूळकायदा झाला, पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. पण फुकट नाही. किंमत ठरली, तिचे हप्ते बांधले, आणि हप्ते फिटले की 32-म चा दाखला मिळायचा. आजोबांच्या दाखल्यावर 1964 साल आहे. सात वर्षं भात आणि मीठ विकून त्यांनी हप्ते फेडले. आणि नवी मुंबईसाठी जमीन लागणार असल्याची अधिसूचना निघाली 1970 च्या फेब्रुवारीत. पुढच्याच महिन्यात, 17 मार्चला, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं.

सहा वर्षं. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारा माणूस कागदोपत्री पुरा मालक झाला तो सहा वर्षांसाठी.

साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन, 95 गावं, साडेबारा टक्के, हे आकडे आपल्याला पाठ आहेत, भाषणात ते येतातच. पण ही सहा वर्षं मला कुठल्या भाषणात भेटली नाहीत. पेटीतले दोन कागद चटईवर शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा दिसली. आणि हे फक्त आमच्या घरचं नसणार. तुमच्या पेट्यांत असेच दोन-दोन कागद असतील, वर्षं थोडी मागेपुढे असतील. पन्नास घरांचे कागद एका जागी नोंदले तर आपल्या गावाचा असा इतिहास हाती येईल, जो आजवर कुणी लिहिला नाही.

अजून एक कागद दाखवते. 1961 ची सारापावती. छापील मजकुराकडे बघू नका, पाठीमागे बघा. आजोबांनी शिसपेन्सिलीने लिहिलंय: ‘काळा राता ३ मण. बांधाला माणसं ११. उघाडीचं फळकूट बदलणे.’ तीन ओळी. पण यात काय काय आहे! राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल भात, काळा राता आणि भुरा राता. खाडीचं पाणी अडवायचा बांध एकट्याने होत नाही, म्हणून अकरा माणसं. आणि उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, जे ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला खाडीला आत येऊ देत नाही. माझ्या नातवाला उघाडी हा शब्द माहीत नाही. त्याची शाळा जिथे आहे तिथेच ती होती, पण आता त्या जागेला फक्त सेक्टरचा नंबर आहे.

ही पावती कारंज्यातल्या होडीपेक्षा मोलाची आहे असं माझं मत. होडी विकत मिळते.

माझ्या हातून झालेली चूकही सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. 1998 च्या सुमाराला मी तो 32-म चा दाखला मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून आणला. वाटलं, आता शंभर वर्षं बघायला नको. आज तो दाखला पिवळा पडलाय, प्लॅस्टिकच्या कडा सुटल्यात, आत दमटपणा शिरलाय आणि आजोबांच्या अंगठ्याची शाई पसरून जांभळा डाग झालाय. प्लॅस्टिक सोलायला गेलं तर कागदाचा पापुद्रा त्याच्यासोबत निघतो. शेजारी साध्या सुती कापडात गुंडाळलेलं गहाणखत मात्र शाबूत आहे, त्याला फक्त कसरीने दोन भोकं पाडलीत. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवले जात. त्या बांधणाऱ्यांना काहीतरी कळत होतं, बरं का. तेव्हा लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, स्टेपलर नको, गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. जुनं धुतलेलं सुती धोतर असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

आणि खालच्या फळीवर काही ठेवू नका. 26 जुलै 2005 ला आमच्या माजघरात कमरेएवढं पाणी होतं. माळ्यावरची पेटी वाचली. कपाटाच्या तळाशी ठेवलेले धाकट्या भावाचे अल्बम मात्र चिकटून एकेक वीट झाले. त्याच्या लग्नाचा एकही फोटो आज नाही. वहिनी अजून म्हणते, पुरावाच नाही तर माहेरी जाऊ का. हसतो सगळे. पण तो अल्बम पाण्यातून काढून तिने तीन दिवस उन्हात ठेवला होता, ते मी पाहिलंय.

आता फोटोंकडे येते.

पेटीत एक गटाचा फोटो सापडला. आमच्याच ओटीवर काढलेला, काळा-पांढरा, सतरा माणसं. मागे काही लिहिलेलं नाही, स्टुडिओचा शिक्कासुद्धा नाही. मी तो घेऊन काकीकडे गेले. काकी शहाऐंशी वर्षांची, ऐकायला कमी येतं, पण नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्यापेक्षा तेज. तिने फोटो खिडकीकडे धरला आणि बोट ठेवत गेली. ‘यो तुजा आजा. यो भिकू. ही धवलारीन.’ धवलारीण तिने चेहऱ्यावरून ओळखली नाही. कानातल्या बुगडीवरून ओळखली. म्हणाली, त्या काळात अशा बुगड्या गावात एकीकडेच होत्या. त्या बाईने गावातली किती लग्नं धवले गाऊन लावली असतील, आणि तिचं नाव आज एका म्हातारीच्या डोक्यात, एका बुगडीच्या आधाराने उरलंय. मी विचारलं, धवला आठवतो का एखादा? काकीने चार ओळी म्हटल्या, पाचवीला थांबली, मग विषय बदलला. त्या चार ओळी माझ्या मोबाइलमध्ये आहेत.

सतरापैकी अकरांची नावं मिळाली. उरलेल्या सहांना ओळखू शकतील अशा दोघीजणी आहेत, एक दिघ्याला, एक उरणला. दोघी ऐंशीच्या पुढच्या. भूखंडाचा पाठपुरावा त्यांच्यासाठी थांबणार आहे, की त्या भूखंडासाठी थांबणार आहेत?

याच संदर्भात एक विचारते. 16 आणि 17 जानेवारी 1984. भूसंपादनाविरुद्धच्या जासईच्या लढ्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, लढ्याचे नेते दि. बा. पाटलांचं नाव घराघरात गेलं ते तेव्हापासून. दर वर्षी आपण अभिवादनाला जातो, गाड्या निघतात, त्यांचेही बॅनर लागतात. हुतात्म्यांची नावं दगडावर आहेत आणि असायलाच हवीत. पण त्या दिवसांत आपल्या गावातून जो ट्रक निघाला त्यात कोण कोण होतं, याची यादी आपल्याकडे आहे? माझे वडील होते एवढं मला माहीत. ट्रक कुणाचा, भाकऱ्या कुणी बांधून दिल्या, परत येताना कोण आलं नाही म्हणून कुठल्या घरात रात्रभर दिवा जळत राहिला, हे सांगणारी माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांना सत्कारासाठी शाल देण्याआधी एक तास ओटीवर बसवा आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावा. शाल मग द्या, दोन द्या.

यात नवीन असं काही मी सांगत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उतरवत फिरले, आणि 1898 पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. लांब कशाला, आपल्या शेजारी ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे जुन्या कवींच्या पोथ्या जमवत होते. 1893 मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं त्यात त्यांचा पुढाकार होता, ते आजही चालू आहे. पुण्याला केळकर संग्रहालयात जाऊन या, मंडळाची सहल नाहीतरी दर वर्षी निघतेच. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं आणि 1975 साली सरकारला देऊन टाकलं. तिथे तलवारी आहेत, पण लोक रेंगाळतात ते दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे. लोकांच्या घरातल्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या वस्तू.

राजवाडे, भावे यांनी सरदारांच्या आणि कवींच्या घरचं वाचवलं. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, माणसाच्या पेटीत डोकवायला कुणी आलं नाही, आणि आता कुणी येईल असं वाटत नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यातल्या एका गावची माझी मैत्रीण आहे. तिच्या घराचं तिच्याकडे काय उरलंय? भरपाईच्या मोजणीवेळी भिंतीवर रंगाने नंबर टाकला होता, त्या नंबराचा फोटो. फोटोत दारसुद्धा पूर्ण आलेलं नाही.

आता थोडं कडू. रागावणार असाल तर रागवा, माहेर आहे, बोलायचा हक्क आहे. म्हणजे तेवढाच एक उरलाय.

पेटीत आणखी एक कागद आहे, हक्कसोड पत्र. माझ्या आत्यांचं. तीन अंगठे, डावे, एकाखाली एक. प्रत्येकीपुढे कारकुनाने एकच शब्द लिहिलाय: स्वखुशीने. माझं हक्कसोड पत्रही आहे, फरक एवढाच की मी अंगठ्याऐवजी सही केली, आणि सही करताना पेढा खाल्ला. भावांशी माझं वैर नाही, हे पत्र त्यांना वाचून दाखवूनच टाकतेय. पण संग्रहालयात 32-म चा दाखला लागणार असेल तर त्याच भिंतीवर हक्कसोडही लागलं पाहिजे. जमीन आपल्याकडून घेतली गेली हे आपण बरोबर सांगतो. जी थोडी परत मिळाली तिच्या वाटणीत लेकींचं काय झालं, तेही त्याच गावात घडलं. दलालांना कुणी गाठून दिलं, कोऱ्या मुखत्यारपत्रांवर कुणी सह्या घेतल्या, ही नावं लावा असं म्हणत नाही, इतकी भाबडी मी नाही. पण कागद फाडू नका. बंद पाकिटात ठेवा, पंचवीस वर्षांनी उघडा असं वर लिहा.

मला ठाऊक आहे, लोक कागद द्यायला कचरतील. आपल्या गावात ‘कागद घराबाहेर गेला की जमीन गेली’ हे आईच्या दुधासोबत शिकवलं जातं, आणि ते उगाच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की मूळ कागद कुणाकडूनही घेऊ नका. कागदाचा धनी स्वतः ओटीवर येईल, समोर बसेल, दिवसाच्या उजेडात मोबाइलवर कागदाचे पुढून-मागून फोटो निघतील आणि कागद त्याच्याच पिशवीतून परत जाईल. वहीत नोंद: कुणाच्या घरचा, कसला, कोणत्या सालचा, दाखवायची परवानगी आहे की नुसता जपायचा. बँकेचे आणि आधारचे कागद घ्यायचेच नाहीत. फोटोंच्या तीन प्रती, तीन वेगळ्या घरांत, त्यातली एक गावाबाहेर, कारण पाणी आलं तर ते गावात सगळीकडे येतं. याला भूखंड लागत नाही, अनुदान लागत नाही. दहावी झालेली चार मुलं आणि एक टेबल लागतं. मुलं मी आणते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं आहेत. टेबल मंडळाचं, ते गणपतीनंतर पडूनच असतं.

मंडळाकडूनच होईल असं एक काम वेगळं आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल काढा. अर्जाने मिळाली तर ठीक, नाहीतर 2005 चा माहिती अधिकार आहे. तो नकाशा मोठा करून माजघराच्या भिंतीवर लावा आणि म्हाताऱ्यांना शेतांची नावं सांगू द्या. सर्व्हे नंबर सरकारकडे आहेत. पण आपल्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं, आणि ती नावं सातबाऱ्यावर कधी चढलीच नाहीत. ती फक्त तोंडात आहेत, आणि त्या तोंडांत दात राहिले नाहीत.

वस्तूंचं फार बोलत नाही, त्या तुम्ही जमवालच. बोक्षी, फग, वल्ही, कणग्या, जाती, इरली, मिठागरातली फावडी. एकच विनंती, दहा जाती नकोत, एक पुरे, पण कुणाच्या घरचं आणि शेवटचं कुणी दळलं ते लिहिलेलं हवं. तलवारी आणि ढाली बाजारातून आणू नका. आपण मीठ पिकवणारी माणसं, आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. उगाच सरदार बनून काय मिळवायचं?

घर घेतलंत तर रंगवू नका, हा माझा हट्ट समजा. पीओपीचं छत नको, ओटीला ग्रॅनाइट नको, खांबांना सोनेरी पट्टे तर मुळीच नको. जमीन शेणाने सारवा असं म्हणत नाही, सारवणार कोण ते मला माहीत आहे आणि त्या बायकांनी जन्मभर पुरेसं सारवलंय. साधी शहाबादी चालेल. कुडाची एक भिंत मात्र तशीच ठेवा. तिच्यात एका जागी माती पडलीय, आतल्या कारव्या दिसतात. तिथे काच लावून टाका, झालं तुमचं दालन.

पुढच्या रविवारी चार वाजता मी ओटीवर बसणार आहे. काकीची दुपारची झोप तोवर होते. ज्याच्या घरी जुना फोटो आहे त्याने तो घेऊन यावा, एकच असला तरी. सोबत घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणा. पेन आणू नका, बॉलपेनने फोटोच्या पुढून वळ उमटतात आणि शाई फुटते. मऊ शिसपेन्सिली मी आणते. मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावं लिहायची. चहा माझ्याकडून.

अध्यक्षांनी यावं ही खास विनंती. तुमचे आजोबा आमच्या फोटोत आहेत, मागच्या रांगेत, खांबाला टेकून. तुम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही, हे मला काकीने सांगितलं.

तुमची,
पिंपळामागच्या घरातली थोरली लेक

ता. क. : त्याच फोटोत पुढच्या रांगेत उजवीकडून तिसरा, काळी टोपी घातलेला, हातात छत्री असलेला माणूस कोण ते काकीला आठवत नाही. गावचा नव्हता, मिठागराचा मुकादम असावा असा तिचा अंदाज. कुणाच्या घरी ओळख पटली तर रविवारची वाट बघू नका, आधी कळवा.